लोकप्रिय चित्रपटांतील सौदाशक्ती : खेळ सिद्धांताच्या दृष्टीने एक चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक

चित्रपटातील नायक आणि खलनायक समोरासमोर बसून काही ठरवितात, त्या वेळी प्रेक्षकाचे लक्ष संवादांकडे असते. त्या संवादांमागे चाललेल्या देवाणघेवाणीचे गणित सहसा दुर्लक्षित राहते. वास्तविक धमकी, लालूच, पैज, तडजोड आणि नकार या लोकप्रिय चित्रपटाच्या कथानकातील नित्याच्या घटना आहेत. आणि इंग्रजीत ज्याला गेम थिअरी म्हटले जाते त्या खेळ सिद्धांताचा अभ्यासविषयही नेमका हाच आहे. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ मधील ग्रंथाने या ज्ञानशाखेचा पाया घातला. पुढे जॉन नॅश, थॉमस शेलिंग, एरियल रुबिनस्टाइन आदी अभ्यासकांनी तिचा विस्तार केला. १९९४ मध्ये नॅश यांना आणि २००५ मध्ये शेलिंग यांना अर्थशास्त्रातील नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर ही शाखा अर्थशास्त्राच्या वर्गाबाहेरही पोहोचली.

अध्यापनात या सिद्धांताची उदाहरणे देताना चित्रपटांचा आधार घेण्याची पद्धत आता रुळली आहे. तथापि तिच्यात एक धोका आहे. रॉन हॉवर्ड दिग्दर्शित ‘अ ब्यूटिफुल माइंड’ (२००१) या नॅश यांच्या जीवनावरील चित्रपटातील मद्यगृहाचा प्रसंग याची साक्ष देतो. एका सुंदर तरुणीच्या मागे सर्वांनी धावण्याऐवजी कोणीच धावू नये, म्हणजे सर्वांचे हित साधेल, असा निष्कर्ष चित्रपटातील नॅश काढतो. हा प्रसंग नॅश यांच्या समतोलाचे उदाहरण म्हणून सर्रास दाखविला जातो. परंतु इतर सर्वांनी माघार घेतली असताना एकट्याने पुढे जाणे त्या एकट्याच्या फायद्याचेच ठरते. त्यामुळे ही स्थिती समतोलाची नाही. सारांश, चित्रपट सिद्धांताचे उदाहरण म्हणून वापरताना तो सिद्धांताला प्रामाणिक आहे काय, हे तपासणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखात याहून वेगळा आणि उलट दिशेचा प्रश्न विचारला आहे. सिद्धांत समजावून देण्यासाठी चित्रपट वापरण्याऐवजी, चित्रपटाची चिकित्सा करण्यासाठी सिद्धांत वापरला तर काय हाती लागते? त्यासाठी ‘दीवार’, ‘सामना’, ‘लगान’ आणि ‘लालबाग परळ’ या चार चित्रपटांची निवड केली आहे. दोन हिंदी व दोन मराठी अशा या चारही कथांच्या केंद्रस्थानी दुर्बल आणि सबल यांच्यातील सौदा आहे. सौदाशक्ती कशातून निर्माण होते हे या चित्रपटांना उत्तम प्रकारे उमगलेले आहे. मात्र सौद्याचे नियम कोण ठरवितो, हा प्रश्न ते नायकाच्या चारित्र्याच्या प्रश्नात विरघळवून टाकतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

सौदाशक्तीची संकल्पना

सौदाशक्ती म्हणजे बाहुबळ नव्हे. खेळ सिद्धांताच्या दृष्टीने तिचे तीन प्रमुख स्रोत संभवतात.

पहिला स्रोत म्हणजे सौदा फिसकटल्यास प्रत्येक पक्षाच्या पदरी काय उरते, हा. नॅश यांनी १९५० मध्ये मांडलेल्या सौद्याच्या उपपत्तीत या स्थितीला मध्यवर्ती स्थान आहे. तिला मराठीत ‘असहमती-बिंदू’ म्हणता येईल. ज्याचा असहमती-बिंदू वरचा, त्याला नकार देणे स्वस्त पडते. साहजिकच सौद्यातील मोठा वाटा त्याच्याकडे जातो. दुसरा स्रोत म्हणजे थांबण्याची क्षमता. रुबिनस्टाइन यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की, आळीपाळीने प्रस्ताव मांडले जात असतील तर ज्याला विलंबाची झळ कमी बसते, तो अधिक मिळवितो. भाजीची पाटी घेऊन बाजार समितीत आलेल्या शेतकऱ्याला हा सिद्धांत कोणी शिकविण्याची गरज नाही. माल संध्याकाळी परत नेता येत नाही हे त्यालाही ठाऊक असते आणि अडत्यालाही. भाव पडतो तो मुख्यतः या सामाईक जाणिवेमुळे.

तिसरा स्रोत अधिक सूक्ष्म आहे. शेलिंग यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, स्वतःचे परतीचे मार्ग स्वतःच बंद करणारा पक्ष कित्येकदा प्रबळ ठरतो. ज्याच्या हाती सूट देण्याचा अधिकारच नाही त्याच्याकडून सूट उकळता येत नाही. या क्लृप्तीला ‘स्वबंधन’ म्हणता येईल. मात्र स्वबंधन उपयोगी पडण्यासाठी ते प्रतिपक्षाला दिसावे लागते, आणि ते खरे आहे अशी त्याची खात्री पटावी लागते. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ (१९६४) या चित्रपटातील विनोद याच अटीवर उभा आहे. सोव्हिएत संघाने हल्ला होताच आपोआप जगाचा संहार करणारे यंत्र उभारलेले असते, पण ते अद्याप जाहीर केलेले नसते. जे बंधन कोणाला ठाऊकच नाही, त्याचा धाक तो कसला?

या तीन स्रोतांच्या आधी आणखी एक प्रश्न येतो. सौद्याला बसण्याचा अधिकार कोणाला आहे, कोणते पर्याय मांडता येतात आणि निकाल कोण देतो? खेळ सिद्धांतात या बाबी बहुधा गृहीत धरल्या जातात. फळ्यावर प्राप्तीचे कोष्टक आखून झाल्यानंतरच विश्लेषण सुरू होते. कोष्टक आखणारा हात मात्र कोष्टकात दिसत नाही. पुढील विवेचनात या हाताचा शोध घ्यावयाचा आहे.

‘दीवार’ : एका सहीपासून दुसऱ्या सहीपर्यंत

सलीम-जावेद लिखित आणि यश चोप्रा दिग्दर्शित ‘दीवार’ (१९७५) हा चित्रपट दोन भावांच्या संघर्षासाठी ओळखला जातो. सौद्याच्या दृष्टीने पाहिल्यास त्याची रचना दोन सह्यांच्या दरम्यान उभी असल्याचे ध्यानात येते. आनंद वर्मा हा कामगार पुढारी मालकाशी बोलणी करण्यास जातो. कामगारांचा विश्वास हे त्याचे बळ असते. मालक मागण्यांविषयी वाद घालत बसत नाही. तो आनंदच्या बायकोमुलांच्या जिवाला ओलीस धरतो आणि कामगारहिताला बाध आणणाऱ्या करारावर त्याची सही घेतो. शेलिंग यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, पुढाऱ्याचे हात बांधलेले नसणे हीच येथे त्याची दुर्बलता ठरते. करारावर सही करण्याचा पूर्ण अधिकार त्याच्या एकट्याकडे असल्यामुळे त्या एकट्याला धमकावणे पुरेसे होते. तोच करार कामगारांच्या सभेच्या मंजुरीवाचून वैध नसता, तर धमकीचे मोल पुष्कळसे कमी झाले असते.

थोरला मुलगा विजय या अनुभवातून जो धडा घेतो, तो स्वबंधनाचा. गोदीतील हप्तेबाजांशी त्याची चकमक हिंदी चित्रपटातील अविस्मरणीय प्रसंगांपैकी एक आहे. गुंड त्याला शोधत असताना तो त्यांच्याच गोदामात जाऊन बसतो, दाराला आतून कुलूप लावतो आणि किल्ली प्रतिपक्षाकडे फेकतो. परतीचा मार्ग त्याने समोरच्यांच्या डोळ्यांदेखत बंद केलेला असतो. जहाजे जाळून युद्धास उभे राहणाऱ्या सेनापतीच्या कथेशी याचे साधर्म्य उघड आहे.

याच विजयचा एक सौदा मात्र नेमका उलट्या रीतीने होतो. श्रीमंत झाल्यावर तो एक इमारत विकत घेतो. व्यवहार पक्का झाल्यानंतर विक्रेत्याला तो सांगतो की, आणखी कितीतरी लाख मागितले असते तरी आपण ते दिले असते. कारण या इमारतीच्या बांधकामावर आपल्या आईने विटा वाहिल्या होत्या. महाराष्ट्रातील बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत आहे. आपली खरी मर्यादा तिऱ्हाइताला कळू नये, हा तिचा हेतू असतो. विजय तो रुमाल स्वतःहून दूर करतो, परंतु सौदा झाल्यावर. चतुर व्यापारी म्हणून नव्हे, तर ज्याला किंमतच नाही अशी एक वस्तू आपल्याजवळ आहे असे सांगणारा माणूस म्हणून तो तेथे उभा असतो. याच आईच्या बाबतीत पुढे दोन्ही भावांचा सौदा अशक्य होतो. आई अविभाज्य आहे. तिची वाटणी होऊ शकत नाही.

चित्रपटातील दुसरी सही होतच नाही. पोलीस अधिकारी झालेला धाकटा भाऊ रवी गुन्ह्यांची कबुली देणारा कागद विजयपुढे ठेवतो. विजय अट घालतो : ज्याने आपल्या बापाची सही घेतली, ज्याने आईला अपमानित करून कामावरून काढले, ज्याने आपल्या हातावर बापाला चोर ठरविणारी अक्षरे गोंदली, त्या सर्वांच्या सह्या आधी आणाव्यात. वरवर पाहता ही अशक्य अट घालून सौदा मोडण्याची युक्ती आहे. परंतु प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने हा चारही चित्रपटांतील सर्वांत महत्त्वाचा क्षण होय. येथे एक पात्र कोष्टकातील पर्याय निवडण्यास नकार देते आणि कोष्टक कोणी आखले, असे विचारते. रवीजवळ त्याचे उत्तर कायद्याच्या भाषेत आहे. त्या पहिल्या सहीविषयी मात्र तो काही करू शकत नाही. आणि येथेच चित्रपटाची मर्यादाही दिसते. ज्या कामगारांच्या करारापासून कथा सुरू झाली, ते कामगार आनंदला दोष देऊन कथेतून निघून जातात. त्यांच्या मजुरीचे पुढे काय झाले, याची वार्ता प्रेक्षकाला मिळत नाही. सामूहिक सौद्याचा प्रश्न एका कुटुंबाच्या मानहानीच्या प्रश्नात रूपांतरित होतो.

‘सामना’ : ज्याला विकत घेता येत नाही असा माणूस

जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’ हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात गेला होता. सहकारी साखर कारखानदारीच्या आधारे उभ्या राहिलेल्या ग्रामीण सत्तेचे चित्रण म्हणून त्याची चर्चा झाली आहे. निळू फुले यांनी साकारलेले हिंदुराव धोंडे पाटील आणि डॉ. श्रीराम लागू यांनी साकारलेला मास्तर यांच्यातील सौद्याची विषमता पराकोटीची आहे. हिंदुरावांकडे कारखाना आहे, माणसे आहेत, प्रशासनावर वचक आहे. मास्तर हा स्वातंत्र्यलढ्यातून आलेला, आता दारूच्या आहारी गेलेला, घरदार नसलेला मनुष्य आहे. हिंदुराव त्याला वाड्यावर आणतात, त्याचा पाहुणचार करतात आणि आपले वैभव दाखवितात.

मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, असा प्रश्न मास्तर विचारू लागतो आणि सत्तेचे सर्व गणित विस्कटते. येथे असहमती-बिंदूचा नियम विलक्षण रीतीने काम करतो. सर्वसाधारणपणे खालचा असहमती-बिंदू ही दुर्बलता असते, कारण सौदा फिसकटण्याचे भय दुर्बलाला अधिक असते. परंतु मास्तरची स्थिती इतकी खालावलेली आहे की तिच्याखाली आणखी पायरी उरलेली नाही. नोकरी, अब्रू, कुटुंब यांपैकी काहीही त्याच्याकडून हिरावून घेता येत नाही. धमकी परिणामकारक होण्यासाठी समोरच्याजवळ गमावण्यासारखे काही असावे लागते. ‘दीवार’मधील आनंद वर्माजवळ बायकोमुले होती; मास्तरजवळ केवळ एक प्रश्न आहे.

हिंदुरावांचे दुसरे साधन म्हणजे लालूच. तेही निष्फळ ठरते, कारण मास्तर काही मागतच नाही. सौद्याची उपपत्ती असे गृहीत धरते की दोन्ही पक्षांना काहीतरी हवे आहे आणि त्याला काही किंमत आहे. मास्तरच्या प्रश्नाला किंमत नाही. त्याला केवळ उत्तर आहे. सौद्यात मुरलेल्या हिंदुरावांच्या अस्वस्थतेचे कारण हे आहे. गावातील प्रत्येकाचा भाव त्यांना ठाऊक असतो. ज्याचा भाव ठरविता येत नाही असा माणूस त्यांच्या हिशेबाच्या वहीत बसत नाही.

‘सामना’ या बाबतीत ‘दीवार’हून अधिक धाडसी चित्रपट आहे. सत्तेचे कोष्टक कोण आखतो, हे तो नावानिशी सांगतो. तरीही एक बाब नोंदविणे अगत्याचे आहे. ज्याच्यासाठी हा सामना उभा राहतो तो मारुती कांबळे सामन्याच्या वेळी हयात नाही. त्याने हयातीत हिंदुरावांना विरोध केला, तेव्हा त्याच्याजवळ मास्तरचे कवच नव्हते. तो त्याच गावात राहणारा, त्याच सत्तेच्या छायेत पोट भरणारा माणूस होता. मास्तर बाहेरून आला म्हणून प्रश्न विचारू शकला. गावातील माणसाला तो विचारण्याची किंमत किती पडते, हे मारुती कांबळेच्या अनुपस्थितीनेच सिद्ध होते. चित्रपटाचा शेवट न्यायाचे समाधान देतो. परंतु असा मास्तर न आलेल्या गावांचे काय, हा प्रश्न मागे उरतो.

‘लगान’ : पैजेचे गणित आणि कचराचे मौन

‘सामना’मधील प्रश्न एका माणसाच्या जिवाचा होता, आशुतोष गोवारीकर दिग्दर्शित ‘लगान’ (२००१) मध्ये साऱ्या प्रांताची भाकरी पणाला लागते. १८९३ सालच्या चंपानेर गावातील ही कल्पित कथा आहे. कॅप्टन रसेलच्या आग्रहाला न जुमानता राजा मांस खाण्यास नकार देतो, आणि त्याची शिक्षा म्हणून शेतसारा दुप्पट केला जातो. पुढे रसेल पैज मांडतो : क्रिकेटच्या सामन्यात गावकरी जिंकले तर प्रांताचा तीन वर्षांचा सारा माफ, हरले तर तिप्पट वसुली. भुवन ही पैज स्वीकारतो, तेव्हा गावकरी त्याला वेड्यात काढतात.

प्रत्यक्षात भुवनचा निर्णय वेडेपणाचा नाही. केवळ चालू वर्षाचा विचार केला, तर पैज नाकारल्यास दोन पट सारा द्यावाच लागणार होता. स्वीकारल्यास जिंकल्यावर शून्य आणि हरल्यावर तीन पट. जिंकण्याची शक्यता एक-तृतीयांशाहून अधिक असेल तर पैज घेणे सरासरीने फायद्याचे ठरते. पुढील दोन वर्षांची माफी हिशेबात धरली की ही मर्यादा आणखी खाली येते. मुख्य बाब तर याहीपुढची आहे. अवर्षणामुळे गावाला दुप्पट सारा देणेही अशक्य आहे. ज्याला दोन पट देता येत नाही, त्याच्या दृष्टीने दोन पट आणि तीन पट यांतील अंतर कागदावरचे असते. हरण्याचा अधिकचा तोटा जवळजवळ शून्य, आणि जिंकण्याचा लाभ प्रचंड. अशा स्थितीत अत्यल्प आशाही पुरेशी ठरते. रसेलने गावाचा असहमती-बिंदू इतका खाली ढकलला की त्याची धमकी आपोआप बोथट झाली. सबल पक्षाने अतिरेक केला की दुर्बलाला धाडस परवडू लागते, हे या कथेचे अर्थशास्त्रीय मर्म आहे.

रसेलची दुसरी चूक स्वबंधनाची. पैज त्याने सर्वांसमक्ष लावली. वरिष्ठांच्या कानी ती गेल्यावर त्यांनी हरल्यास साऱ्याचा बोजा त्याच्यावरच टाकण्याचे ठरविले. दुसऱ्याला अडकविण्यासाठी टाकलेल्या फासात तो स्वतः अडकला.

मात्र ‘लगान’मधील खरा पेच मैदानाच्या अलीकडे, गावातच आहे. कचरा हा अस्पृश्य तरुण आपल्या अधू हाताने चेंडूला विलक्षण फिरकी देतो. त्याला संघात घेण्यास गावकरी विरोध करतात. भुवन त्यांची समजूत घालतो. लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या संकल्पनेनुसार, समूहातील घटकाचा न्याय्य वाटा त्याच्या येण्याने समूहाच्या प्राप्तीत पडणाऱ्या भरीवर ठरविता येतो. या मापाने कचराचा वाटा मोठा ठरतो, कारण सामन्यात त्याची गोलंदाजी निर्णायक होते. आता विचारावयाचे ते असे : कचरा त्या बळावर काय मागतो? काहीही नाही. तो खेळण्यासाठी अट घालत नाही. विहीर, मंदिर, वस्ती यांपैकी कशाचाही उच्चार करीत नाही. त्याच्या वतीने भुवन बोलतो, आणि तेही समानतेच्या व संघहिताच्या भाषेत. ज्याच्याजवळ सौदाशक्ती आहे त्याच्या तोंडी सौद्याची भाषा दिली जात नाही, ही या चित्रपटाची मोठी उणीव होय. कचराचे मूल्य मान्य केले जाते, परंतु त्याचा नकाराचा अधिकार कल्पनेतही येत नाही. १८९३ हे साल महात्मा फुले यांच्या निधनानंतर तिसरे वर्ष आहे, हे ध्यानात घेतल्यास त्या काळी अशी भाषा अशक्यच होती, असे म्हणता येणार नाही.

साऱ्याच्या बाबतीतही हेच. पैज जिंकल्यावर तीन वर्षांची माफी मिळते. सारा आकारण्याचा अधिकार अबाधित राहतो. नियम इंग्रजांचे, खेळ इंग्रजांचा, पंचही इंग्रज; फक्त ते पंच तटस्थ आहेत, एवढी सवलत कथा स्वतःला देते. अखेरच्या क्षणी नो-बॉलचा निर्णय गावाच्या बाजूने पडतो. वसाहतीच्या महसूल व्यवस्थेत असा तटस्थ पंच रयतेच्या वाट्याला येणे किती दुर्मिळ होते, हे सांगावयास नको.

‘लालबाग परळ’ : थांबण्याची किंमत

पहिल्या तीन कथा कल्पित आहेत. चौथी कथा प्रत्यक्ष घडलेल्या सौद्याच्या राखेवर उभी आहे. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकावर आधारित आणि महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘लालबाग परळ’ (२०१०) हा चित्रपट मुंबईच्या गिरणी संपानंतरच्या एका कामगार कुटुंबाची वाताहत दाखवितो. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी होते. तो औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही.

रुबिनस्टाइन यांचा मूळ लेख आणि हा संप दोन्ही १९८२ मधील आहेत, हा केवळ योगायोग. परंतु विलंबाची झळ कोणाला किती, या प्रश्नाचे याहून कठोर उदाहरण सापडणे कठीण. कामगाराचा पगार पहिल्या महिन्यापासून थांबला. कोणी कोकणात, कोणी घाटावर आपल्या गावी परतला. ज्याला गावी जमीन नव्हती त्याने भांडी आणि दागिने विकले. मालकांना साठलेला माल होता, आणि कापड विणून घेण्यासाठी यंत्रमागांचा पर्याय होता. जसजसा काळ गेला, तसतसा कामगाराचा असहमती-बिंदू खाली गेला. मालकाचा मात्र पुढे वर चढला, कारण गिरणीखालची जमीन गिरणीहून मोलाची होऊ लागली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने या जमिनीच्या विकासाची वाट मोकळी केली. महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात जमिनीचे तीन वाटे व्हावेत, असा मूळ संकेत होता. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ मोकळ्या जमिनीपुरता मर्यादित केला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली.

चित्रपट ही झळ घराच्या आत नेऊन दाखवितो, ही त्याची जमेची बाजू. वेतन थांबले की आईबाप, भावंडे यांच्यातील नात्यांचेही भाव बदलतात. मुलगा गुन्हेगारी टोळीकडे ओढला जातो, कारण बापाला नकार देणाऱ्या बाजारात त्याच्यासाठी तेवढाच एक खरीददार उरलेला असतो. खेळ सिद्धांत ज्याला विलंबाचा खर्च म्हणतो, त्याचा अर्थ एका चाळीतील खोलीत काय होतो, हे कोणत्याही सूत्राहून अधिक स्पष्टपणे येथे कळते.

परंतु चित्रपटाचा भर मालकवर्गाच्या कारस्थानावर आणि तरुणांच्या हिंसेवर आहे. कोष्टक आखणारा कायदा पार्श्वभूमीतच राहतो. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ अन्वये वस्त्रोद्योगात कामगारांच्या वतीने बोलणी करण्याचा अधिकार मान्यताप्राप्त प्रातिनिधिक संघटनेलाच होता, आणि ती संघटना होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. लक्षावधी कामगार ज्या नेत्याच्या मागे उभे होते, त्याला कायद्याच्या दृष्टीने सौद्याला बसण्याचाच अधिकार नव्हता. म्हणूनच हा अधिनियम रद्द व्हावा, ही संपकऱ्यांची एक प्रमुख मागणी होती. वेतनवाढीच्या मागणीपेक्षाही ही मागणी मूलगामी होती, कारण ती कोष्टकातील आकड्यांविषयी नव्हती, कोष्टक आखण्याच्या अधिकाराविषयी होती. खलनायक दाखविता येतो. अधिनियमातील तरतूद पडद्यावर दाखविणे कठीण. लोकप्रिय चित्रपटाची ही रूपगत अडचण समजून घेता येते. तिचे परिणाम मात्र दृष्टीआड करता येत नाहीत. मालक दुष्ट होता म्हणून कामगार हरला, असे मानणारा प्रेक्षक मालक सज्जन असता तर काय झाले असते, हा प्रश्न विचारीत नाही.

एक संभाव्य आक्षेप

करमणुकीसाठी निर्माण झालेल्या कलाकृतींवर अर्थशास्त्रीय मापे लादणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. त्यात तथ्यांश आहे. कलाकृतीचे मोल तिच्यातील गणिताच्या अचूकतेवर ठरत नाही, आणि ‘सामना’तील मास्तरसारखे पात्र तर सौद्याच्या गृहीतकांनाच आव्हान देते. किंमत नसलेल्या गोष्टींविषयी सिद्धांताला बोलता येत नाही. तेथे चित्रपट त्याच्या पुढे आहे. परंतु प्रस्तुत चारही चित्रपटांनी सौदा हा विषय स्वतःहून निवडला आहे. कामगाराचा करार, गावाचा सारा, संपाचा शेवट हे त्यांच्या कथेचे आधारस्तंभ आहेत. तेव्हा त्या सौद्यात कोण बोलले आणि कोणाला बोलू दिले गेले नाही, हे विचारणे कलाबाह्य ठरत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. सौदाशक्तीचे तिन्ही स्रोत, म्हणजे असहमती-बिंदू, थांबण्याची क्षमता आणि स्वबंधन, लोकप्रिय चित्रपटाने अचूक हेरले आहेत. विजयची किल्ली, मास्तरचा प्रश्न, भुवनची पैज आणि संपकऱ्यांची चूल ही त्यांची समर्थ दृश्यरूपे आहेत. तथापि चारही चित्रपटांत मूळ दुर्बल पक्ष कथेच्या ओघात मागे सरतो. ‘दीवार’मधील कामगार निघून जातात, मारुती कांबळे मारला गेलेला असतो, कचरा गप्प राहतो, आणि गिरणी कामगारांनी निवडलेल्या नेत्याला बोलणीत स्थान नव्हते, हे वास्तव कथेच्या कडेला राहते. त्यांच्या जागी एक असामान्य व्यक्ती, किंवा एका कुटुंबाची शोकांतिका उभी राहते. परिणामी सौदाशक्ती हा धैर्याचा, चारित्र्याचा किंवा नशिबाचा भाग आहे, अशी समजूत दृढ होते.

अध्यापनाच्या दृष्टीने याचे महत्त्व विशेष आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात ‘लगान’मधील पैजेचे कोष्टक फळ्यावर मांडणे उपयुक्त आहे, आणि साहित्याच्या वर्गात विजयच्या अटीचे विवेचन करणेही. परंतु ही दोन्ही कामे वेगवेगळ्या वर्गांत होत राहिली, तर विद्यार्थी एकीकडे कोष्टक सोडविण्यास शिकतो आणि दुसरीकडे नायकाच्या वेदनेशी समरस होण्यास. कोष्टकाच्या रकाने कोणी आखले, आणि त्यात कचराला व गिरणी कामगाराला ‘नाही’ म्हणण्याचा रकाना का नव्हता, हे विचारण्याची वेळ दोन्ही वर्गांत येत नाही. आंतरविद्याशाखीय अभ्यासाची खरी निकड या ठिकाणी आहे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण उद्या कंत्राटी नोकरीच्या करारावर, शेतमालाच्या पट्टीवर किंवा पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर सही करणार आहेत. त्या सहीपूर्वी कागदातील अटी कोणी ठरविल्या, हे विचारण्याची सवय त्यांना लागली, तर चित्रपटाचे आणि सिद्धांताचे असे एकत्र वाचन सार्थकी लागले असे म्हणता येईल.